मुठेलावर चाललेला वायपर

"अरे, दिसत नाय रे! समोर म्हैस हाय की ट्रक हाय, अल्लाला ठाऊक! मेला तुझा वायपर, मेला!"

चाचा ओरडत होते, गाडी तवसाळचा चढ चढत होती आणि मी डाव्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत माझ्या धुवट रुमालाने काच पुसत होतो. आषाढ होता. वर कुणीतरी अख्खी खाडी उपडी धरली होती आणि तिच्यातले मासे तेवढे खाली पडायचे राहिले होते. एक बोयटा मासा माझ्या कानाला घासून गेला असं मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं. मागे फेरीबोटीतून उतरलेल्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. आणि मागच्या सीटवर चाचांची मुलगी हाताची घडी घालून गप्प बसली होती. चाचांच्या ओरडण्यापेक्षा मला तिच्या गप्प बसण्याची धास्ती होती, कारण गाडीचा निकाल तिच्या हातात होता.

चाचा आमचे शेजारी. जन्मभर जहाजाच्या सुकाणूवर उभे राहिले. इंजिनाच्या खोलीत मात्र कधी पाऊल टाकलं नाही, हे ते अभिमानाने सांगतात. घरी परतल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. गोल डोळ्यांची, फुगल्या गालांची, त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी. मुलगी कुवेतला नर्स. सुट्टीवर आली आणि येताच तिने गाडीला गिऱ्हाईक आणलं. हायवेवरचा एक हॉटेलवाला. त्याला गाडी दारात उभी करून तिच्या बॉनेटमध्ये जास्वंद लावायची होती. हे ऐकल्यावर चाचांनी ताटातली सुरमई तशीच ठेवली. रत्नागिरीत माणूस ताटात सुरमई टाकतो म्हणजे प्रकरण गंभीर.

"अब्बा, मी तिकडे ड्यूटीवर असणार," ती म्हणाली होती. "तुम्ही भर पावसात कुठच्या घाटीत अडकलात, तर मी तिथून काय करू? एक काम करा. मला घेऊन गुहागरला फुफूकडे चला आणि परत या. आपल्या चाकांवर. वाटेत कुणाला मदतीला बोलवायला लागलं, तर गाडी गेली."

गाडीचं इंजिन ठीक होतं, ब्रेक ठीक होते. वायपर तेवढा बंद होता. कारण चाचा गाडी काढायचे ती उन्हाळ्यात. म्हणून ते माझ्याकडे आले.

रत्नागिरीत जुन्या गाडीच्या वायपरची मोटर म्हटली की लोक माझं नाव घेतात. कशासाठी घेतात ते मी कधी खोलात जाऊन विचारलेलं नाही. कचेरीतली कारकुनी संपल्यावर कुणी बाग करतं, कुणी गुडघे धरून बसतं. मी वायपरच्या मोटरी खोलतो. अख्खं इंजिन खोलायला गॅरेज लागतं. वायपरची मोटर जेवणाच्या टेबलावर मावते. माझ्या हातची एक मोटर इतकी जोरकस झाली होती की टेबलाला आवळून चालू केली तर ती टेबलासकट स्वयंपाकघरातून ओटीवर गेली. बायको म्हणते, टेबल मीच ढकलत होतो. बायकोला यांत्रिकी कळत नाही.

चाचांची मोटर मी अशी उघडली की बघणाऱ्याला वाटावं, हृदयाचं ऑपरेशन चाललंय. बघणारं तसं मांजरच होतं. आतला आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरता गाभा, काळाठिक्कर पडला होता. मी तो पॉलिशपेपरने घासून चकचकीत केला, तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी दातकोरणीने काढली, झिजलेले कार्बन बदलले. इथपर्यंतचं काम, स्वतःच्या तोंडाने सांगतो, नामी झालं होतं. राहिलं होतं फक्त गिअरमध्ये ग्रीस भरायचं. डबा उघडला तर रिकामा. बाहेर पाऊस, दुकान बाजारात, आणि माझी छत्री बायकोने नेलेली.

तेव्हा माझं लक्ष फडताळातल्या मुठेलाच्या गोळ्यावर गेलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. मुठीने वळून ठेवलेलं, साबणासारखं घट्ट. आमच्याकडे भेगाळलेल्या टाचांना ते चोळतात. मी विचार केला, जे टाचेची भेग भरतं ते गिअरचे दात का भरणार नाही? आणि ग्रीस कुठलं कोण जाणे, मुठेल आपलं, घरचं! अशा विचाराला त्या वेळी अडवणारं घरात कोणी नव्हतं. मांजराने तोंड फिरवलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

गोळा किंचित पातळ केला, गिअरपेटीत ओतला, थिजू दिला. मोटर गाडीत बसवली. चाचांनी बटण दाबलं आणि वायपर असे हलले की चाचांचे डोळे भरून आले.

"लोण्यासारखा चालतोय रे, मिस्त्री!"

"गुप्त कृती आहे, चाचा," मी म्हटलं.

जयगडच्या जेटीपर्यंत पाऊस कोसळत होता आणि वायपर डौलाने डावं-उजवं करत होते. आपलं काम मिरवायला मीही सोबत निघालो होतो आणि पुढे बसून भाषण देत होतो. परदेशातले लोक माझ्याकडे मोटरी पाठवतात, हे मी तिथेच ठोकून दिलं. मुलीने विचारलं, "कुठच्या देशातले?" मी म्हटलं, "पावसाळी देशातले." ती खिडकीबाहेर बघू लागली.

फेरीबोटीवर चाचांनी वायपर बंद केला नाही. खाडी दिसायला हवी म्हणाले, सुकाणूवाल्याची सवय. मोटर तापत राहिली. आणि तापल्यावर मुठेल काय करतं, हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल. वितळून ते गिअरपेटीतून मोटरीत उतरलं, मी चकचकीत केलेल्या तांब्यावर पसरलं, आणि चढाच्या पहिल्याच वळणावर वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. जणू राष्ट्रगीत लागलंय.

चाचांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्या आमच्या नावाने काहीतरी बोलत पुढे गेल्या. चाचा नेहमी चप्पल काढून गाडी चालवतात. आता त्यांनी पाय वर उचलून बघितला.

"हे काय गळतंय रे टाचेवर? गरम गरम?"

मुलगी पुढे वाकली. तिने वास घेतला.

"काका, हे मुठेल हाय."

"विशिष्ट प्रकारचं ग्रीस असतं, बेटा..."

"माझी दादी टाचांना लावायची. मला वास माहीत हाय."

 टपावर पाऊस ताशा वाजवत होता. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून सरळ समोर बघत होते, आणि समोर काही दिसत नव्हतं. मला त्या धूसर काचेत जास्वंद दिसली. लालभडक, बॉनेटमधून वर आलेली.

मग मी माझ्या आयुष्यातलं एकमेव शहाणपणाचं काम केलं. डॅशबोर्डखाली डोकं घालून मोटरीपासून वायपरची दांडी सोडवली, म्हणजे वायपर हाताने हलू लागले. डिकीत मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेली जाळ्याची नायलॉनची दोरी होती. तिचे दोन तुकडे केले. एक डाव्या वायपरला बांधून माझ्या खिडकीतून आत घेतला, दुसरा उजव्या वायपरला बांधून मागच्या उजव्या खिडकीतून मुलीच्या हातात दिला. तिने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी बापाच्या मानेकडे बघितलं.

"अब्बा, चला," ती म्हणाली.

मी ओढली की वायपर डावीकडे, तिने ओढली की उजवीकडे. आधी आमचा मेळ बसेना. दोघांनी एकदम ओढलं की वायपर मधेच थरथरायचे. तेव्हा चाचांनी घसा खाकरला आणि जहाजावरची हाळी दिली: "हैस्सा! सोड! हैस्सा! सोड!" असा आवाज त्या माणसात शिल्लक आहे हे आमच्या आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्याकडेच्या गुरांनी माना वर केल्या. छत्रीवाले लोक थांबून बघत होते. एका वळणावर मागून हसण्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं. मुलगी ओल्या हातांनी दोरी खेचत होती आणि हसत होती.

गुहागरला फुफूने, म्हणजे चाचांच्या बहिणीने, दारातच विचारलं, "लगाम घालून आणलीस काय रे गाडी?" जेवायला तिने आम्हाला इतकं वाढलं की परतीला माझा हात दोरीपर्यंत पोचेना. परतीचा पाऊस जाण्याच्या पावसाचा थोरला भाऊ होता. फेरीबोटीवर चाचा खुशीत म्हणाले, "बघ, आपल्या चाकांवर गेलो, आपल्या चाकांवर आलो. कुणाला बोलवलं नाय."

"खरं हाय," ती म्हणाली. "पण अब्बा, मी गेल्यावर दुसरी दोरी कोण ओढणार?"

 रत्नागिरीपर्यंत चाचा फक्त "हैस्सा, सोड" एवढंच बोलले, आणि तेही हळू.

मी घरी आलो तेव्हा बायको फडताळासमोर उभी होती. तो प्रसंग मी वगळतो. इतकंच सांगतो की चाचांच्या त्या टाचेला आजतागायत भेग पडलेली नाही, आणि याचं श्रेय मला कुणीही दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटर काढून आणली, रॉकेलने तीनदा धुतली, बाजारातून खरंखुरं ग्रीस आणून भरलं. टेबलावर चालवून बघितली. चोख. वर्तमानपत्रात गुंडाळली आणि छातीशी धरून चाचांकडे गेलो. गाडी अंगणातच होती. चाचा लुंगी खोचून तिला पाणी घालत होते, आंघोळ घालावी तसं, आणि शीळ वाजवत होते. हॉटेलवाल्याचा पत्ता नव्हता. मुलगी पायरीवर बसून बॅगेची चेन लावत होती. माझी छाती फुगली.

"मग बेटा," मी पुडकं पुढे करत म्हटलं, "गाडी राहिली ना शेवटी!"

"गाडी राहिली, काका," ती चेन ओढत म्हणाली. "मोटर कोल्हापूरहून नवी मागवलीय."