मामाकडची सोयरीक

पिल्लू अडकलं होतं. राणीला कळा सुरू होऊन पाच तास झाले होते, हिरवट स्राव सुरू झाला होता आणि एकही पिल्लू बाहेर आलेलं नव्हतं. पिल्लाआधी हिरवा स्राव दिसला की आत वार सुटली असं समजायचं. मग फार वेळ हातात नसतो.

राणी म्हणजे पग. चपटं नाक, बटबटीत डोळे, बसल्या जागी घोरणारी. या जातीला एरवीसुद्धा धड श्वास घेता येत नाही. टेबलावर तिची जीभ निळसर पडायला लागली होती.

"पाच तास काय करत होतात?" मी विचारलं.

"वाट बघत होतो," हरेशशेठ म्हणाले. "निसर्गाचं काम हाय ना, मॅडम."

हरेशशेठचे उरणला ट्रेलर आहेत. एका टायरमधली हवा जरा कमी झाली तर हा माणूस गाडी यार्डातून बाहेर सोडत नाही. बरोबर त्यांची बायको सुरेखावहिनी होत्या. त्यांचा हात राणीच्या डोक्यावरून हलत नव्हता.

या सगळ्याचा मला राग का आला, ते सांगते. राणी दहा महिन्यांची असताना पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर आली. तेव्हा हरेशशेठ 'मेटिंग' विचारायला आले होते. मी बजावलं होतं की ती अजून स्वतःच पोर आहे, अंग भरलेलं नाही, नाकाची तपासणी करायचीय, पिल्लं नकोत. खरं तर ऑपरेशनच करून टाका. त्यावर त्यांनी कानाला हात लावला होता. "असं नका बोलू. बाईमाणसाला एकदा तरी आई होवं द्यावं. हाय लागंल." कुत्रीला कसली हाय? पिल्लं झाली नाहीत म्हणून झुरणारी कुत्री मी एकोणीस वर्षांत पाहिलेली नाही. पिल्लं होताना मेलेल्या मात्र पाहिल्यात.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "मॅडम, जमलं. मामाकडंच सोयरीक केली." मी हसले. चक्क हसले. मामाकडची सोयरीक म्हणजे आपल्या कानाला किती ओळखीची गोष्ट. त्यापुढे मी काही विचारलंच नाही, फक्त तपासणीला आणा म्हटलं. तपासणीला कुणी आलं नाही. आला तो व्हिडिओ. राणीचं डोहाळजेवण. अंगात हिरवं झबलं, गळ्यात फुलांची वाडी, मागे मंडप, शंभरेक माणसं, स्पीकर. त्या सगळ्या धामधुमीत धापा टाकणारी माझी पेशंट.

तर ती आता टेबलावर होती आणि सिझर करावं लागणार होतं. मी केसपेपर भरत होते. पिल्लाचं डोकं मोठं दिसत होतं म्हणून विचारलं, "नर केवढा आहे?"

"राजा हो. तुमच्याकडंच येतो की सुईला. हिच्या माहेरचा." त्यांनी वहिनींकडे बोट केलं.

माझं पेन थांबलं. माझ्या रजिस्टरमध्ये ती दोन नावं एकाखाली एक लिहिलेली होती. राणी आणि राजा. लशीचा पहिला डोस एकाच दिवशी. हरेशशेठनीच एका टोपलीतून दोन्ही पिल्लं आणली होती. एक घरी ठेवलं, एक सासऱ्यांना दिलं. आणि सासरे म्हणजे त्यांचे सख्खे मामा.

"शेठ, ती भावंडं आहेत."

"व्हती. पण राजा मामाला दिला ना. दिला म्हंजे त्यांचा झाला. आन् मामाकडं तर आपल्यात चालतंच. माझी बायको मामाचीच हाय."

"मामाची मुलगी ना? एका आईच्या पोटची नाही ना?"

मी त्यांचा चेहरा बघत होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. राजाचं घर बदललं तेव्हा त्याचं नातंही बदललं, असं त्यांना खरंच वाटलं होतं. त्यांच्यावर ओरडावं अशी फार इच्छा झाली, पण दोन्ही नावं माझ्याच अक्षरात होती.

मी संमतीपत्र पुढे केलं. "सिझरबरोबर पिशवीही काढते. पुन्हा हा प्रकार नको."

"पिशवी नको. लोकांना पिल्लं बोललोय मी. ह्या टायमाला न्हाय तर पुढच्या टायमाला देऊ."

वाद घालायला वेळ नव्हता. सिझरपुरती सही घेतली आणि राणीला भूल दिली. बाहेर काढलेलं पिल्लू टॉवेलने चोळून त्याचा श्वास सुरू करावा लागतो. माझी असिस्टंट मीना एकटी पडत होती, म्हणून वहिनींना आत घेतलं. हरेशशेठ दारातच थांबले. त्यांना रक्त बघवत नाही.

पहिलं, अडकलेलं, मेलेलंच होतं. दुसरं रडलं. तिसरंही. चौथं जरा वेळाने. वहिनी डोळे पुसत चोळत होत्या. मीनाने टॉर्च मारून पिल्लांची तोंडं तपासली आणि माझ्याकडे पाहिलं. दोघांची टाळू दुभंगलेली होती. दूध प्यायलं की ते नाकातून फुफ्फुसात जातं, आणि पिल्लू भुकेलं असतानाच बुडून मरतं. पगमध्ये हा दोष तसाही दिसतो. सख्ख्या भावंडांची पिल्लं काढली की तो लपून राहायला जागाच उरत नाही. मी वहिनींना हे सांगितलं, टाळूची फट दाखवली.

त्यांनी हातातलं पिल्लू टॉवेलात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "पिशवी काढा."

"अगं, मी लोकांना..." दारातून आवाज आला.

"माझे दोन सिझर झाले," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. "तवा पन तुमी दारातच उभे व्हता. आना तो कागद."

त्यांनी सही केली. मी पिशवी काढली. राणी वाचली. दुभंगलेल्या टाळूचं एक पिल्लू संध्याकाळी गेलं, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मी इंजेक्शन दिलं. ते वहिनींच्या ओंजळीत गेलं. एक जगलं, ते त्यांनी कुणाला दिलं नाही.

दहा दिवसांनी टाके काढायला वहिनी एकट्या आल्या. एका हातात राणी, दुसऱ्या हाताने पट्टा धरून ओढत आणलेला राजा. वडिलांशी भांडून आणला म्हणाल्या. "त्याचंबी करून टाका." केलं.

माझ्या केसपेपरवर आता एक ओळ वाढली आहे. नर कुणाकडचा, हे मी विचारत नाही. कुणाच्या पोटचा, ते विचारते. लोकांना राग येतो, येऊ दे. परवा पेणहून एक जोडपं बीगल घेऊन आलं होतं.

"नर आमच्या आत्याकडचा आहे," नवरा कौतुकाने म्हणाला.

"आत्याकडे कुठून आला?"

तो बायकोकडे बघायला लागला.