फिकट शंख नको

माझी मावशी शंख कोरते. गरम समुद्रातले, वीतभर लांब, आतून गुलाबी असे मोठे शंख. त्यांच्या जाड कवचावर ती माणसांचे चेहरे उठवते आणि सोनार त्यांची पदकं करतात. तीस वर्षं मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर हेच चाललंय. बाई कडक, नाकावर माशी बसू देत नाही. शंखवाला माल घेऊन आला की एकेक शंख उजेडात धरायची आणि जरा विटका दिसला की परत. "फिकट शंख नको, भाऊ. रंग गेला की चेहरा उठत नाही." तो बिचारा दोन तास बसनं बंदरावरून यायचा आणि मुकाट्यानं शंख पिशवीत भरायचा.

परवा त्यानं एकच आणला, ओल्या गोणपाटात गुंडाळून. टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यावर चहाला गेला. एका सोनाराला त्याच्या आईचा चेहरा हवा होता. मावशीनं पेन्सिलीनं कपाळ काढलं, नाक काढलं. मी शेजारीच पॉलिश करत होते. ती हनुवटीवर आली, तेवढ्यात शंखाच्या कडेखालून दोन दांडे बाहेर आले. दोन्हींच्या टोकाला डोळे. गोल, पिवळ्या कड्यांचे, मधे काळी बुबुळं. ते मावशीकडे वळले.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

शंखवाला परत आला तो हसतच. "उकळायला सवड नाही मिळाली, ताई. म्हटलं, तुमच्याकडेच पाणी ठेवू. पाच मिनिटांत आतला प्राणी सुटतो."

"रिकामे सापडतात ना हे? किनाऱ्यावर?" मावशीनं विचारलं.

"सापडतात की. पण उन्हानं विटलेले. तुम्ही परत करता ते."

मावशीनं शंखावर काढलेलं नाक बोटानं पुसलं. मला तिचा राग आला. तीस वर्षांत एकदा तरी विचारायचं ना? मग आठवलं, आठ वर्षं मीही इथंच आहे आणि मीही विचारलं नाही.

ती उठली, शंख गोणपाटात गुंडाळला आणि म्हणाली, "चला." सोनाराचं काय, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. भर दुपारी आम्ही तिघं बसमध्ये बसलो. गोणपाट सगळा वेळ तिच्या मांडीवर होतं.

मावशीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला, पण पाहिला असं म्हणता येणार नाही. तिची नजर शंखावरच होती. गुडघाभर पाण्यात तिनं तो वाळूवर टेकवला. बराच वेळ काही हललं नाही. मग डोळे बाहेर आले, आणि तो प्राणी धडपडत, हिसके देत खोल पाण्याकडे निघाला. मला हायसं वाटलं. मावशीला नाही.

"पाणी तापताना बाकीच्यांनीही असेच डोळे बाहेर काढले असतील का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला काय माहीत होतं?