ताम्रपर्णी नावाची फाइल

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी मी भांडते. सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत. मशीन वेडंवाकडं वागलं तर चूक माणसाची असते, आणि बहुतेक वेळा माझीच, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हे लिहितेय... कारण यात चूक कुणाची, ते मला अजून सापडलेलं नाही.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. बाबा बेंगळुरूत एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, म्हणून राजाजीनगरात घर. घरात मी, माझा नवरा गिरीश आणि बाबा. माझा थोरला भाऊ, अण्णा, चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डोकं मात्र लख्ख, आणि हीच तर पंचाईत! हॉस्पिटलातून एक चित्रांचा तक्ता दिला होता. पाण्याचा ग्लास, ताट, संडास... जे हवं त्यावर बोट ठेवायचं. बाबांनी तो डाव्या हाताने भिरकावून दिला. त्यानंतर त्यांनी काही मागणंच सोडलं. ताट पुढे आलं की दोन घास खायचे, की भिंतीकडे तोंड. माझा जीव तीळतीळ तुटायचा आणि रागही यायचा. म्हटलं, माझे बाबा चित्रं दाखवून पाणी मागणार नाहीत. ते कीबोर्डवर बोलतील. बोलतील म्हणजे बोलतीलच.

एका हाताने टाइप करायची एक युक्ती आहे. स्पेसची कळ दाबून धरली की कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागातूनच उजवीकडची अक्षरं उमटतात. सेटिंगची एक फाइल लिहिली की झालं... असं मला वाटलं होतं. बाबांच्या जुन्या विंडोजवर एकेक अक्षर तीनतीनदा उमटायला लागलं. माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर इंग्रजी झकास, पण मराठीचे काने-मात्रे गायब. इथे दुरुस्त करावं तर तिथे बिघडतंय! आठ दिवस रोज संध्याकाळी हीच कुस्ती. नवव्या दिवशी बाबांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि डोळे मिटून घेतले. त्यांना सांभाळायला येणारी रत्नम्मा म्हणाली, "पुरे अक्का. स्वल्प रेस्ट घेऊ दे त्यांना."

मी ऐकतेय होय? शनिवारी सकाळी गिरीशचा जुना मॅक पुसून कोरा केला.

आमच्या घरात एक पद्धत आहे, अण्णाने पाडलेली. घरातल्या सगळ्या कंप्युटरांच्या सेटिंगच्या फाइली एकाच फोल्डरात ठेवायच्या. विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, तिथूनच सगळीकडे जातात. प्रत्येक मशीनला आमच्याकडच्या नदीचं नाव — घटप्रभा, मलप्रभा, हिरण्यकेशी. नवं मशीन आलं की त्याला नाव द्यायचं आणि एक कमांड चालवायची. त्या नावाची फाइल फोल्डरात असेल तर ती बसते; नसेल तर सगळ्यांसाठीची साधी बसते. अण्णा गेल्यावर तो फोल्डर मीच जपत आले. त्यातली प्रत्येक फाइल मला पाठ होती.

मॅकला त्या क्षणी सुचलं ते नदीचं नाव दिलं — ताम्रपर्णी. कुणाला विचारलं नाही, कुठे लिहिलं नव्हतं. कमांड चालवली आणि स्क्रीनवर काय येतंय ते न वाचताच लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. साधी सेटिंग बसली असणार. आधी त्यांचा हात नीट टेकतोय का बघू, म्हटलं.

बाबांनी स्पेस दाबून धरला. एक अक्षर, मग दुसरं. मी बघतच राहिले. सावकाश, एकही चूक न करता ओळ उमटली:

"सकाळचा चहा पांचट होता."

मी अशी किंचाळले की रत्नम्मा कणकेच्या हातांनी धावत आली! हसू की रडू, काही सुचेना. बाबा पुढे टाइप करतच होते.

"हे अण्णाचं काम."

"नाही हो बाबा, माझं आहे," मी म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... या मशीनसाठी मी अजून काहीच लिहिलं नव्हतं.

फोल्डर उघडला. ताम्रपर्णी नावाची फाइल त्यात होती. कुणी केली त्या जागी अण्णाचं नाव, आणि तारीख तो जायच्या दोन महिने आधीची. वर त्याने एक ओळ लिहिली होती: "बाबांसाठी, डावा हात." फाइल मॅकसाठीच लिहिलेली, आणि अण्णाकडे मॅक कधीच नव्हता. आणि तेव्हा बाबा धडधाकट होते हो, दोन्ही हातांनी नारळ सोलत होते!

गिरीश पुण्याचा, तो कशाला ऐकतोय. "अगं तूच लिहिलं असशील आणि विसरली असशील. तारखेचं काय, घड्याळ चुकलं की तारीख चुकते."

मी कपाटातला पेन ड्राइव्ह काढला. अण्णा गेला त्या आठवड्यात त्याचा सगळा फोल्डर त्यावर उतरवून पाकिटात चिकटवून ठेवला होता. गिरीशच्या समोर पाकीट फाडलं. फाइल तिथेही होती, अक्षरन्‌अक्षर तीच. गिरीश उठून चहा टाकायला गेला.

आता सांगा. फाइल आधीपासून होती, तर चार वर्षं माझ्या डोळ्यांना कशी दिसली नाही? आणि नव्हती, तर बंद पाकिटात शिरली कशी?

माझ्या फाइली आणि ती फाइल शेजारी ठेवून वाचल्या. फरक एकच मोठा होता. स्पेस दाबल्यावर पुढच्या अक्षरासाठी किती वेळ वाट बघायची, तो आकडा अण्णाने माझ्या तिप्पट ठेवला होता. संध्याकाळी बाबांजवळ बसून विचारलं, "बाबा, हे अण्णाचं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं.

"तू घाई करतेस. तो थांबायचा."

एरवी मी भांडले असते. तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

यामागे काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा... फक्त त्या फाइलीत काही बदलून बघ, असं सांगू नका. बाबांचं अजून बरंच बोलायचं राहिलंय.