टोपी निघाली की गप्प!

नातीनं पुन्हा धरून बसवलंय. "आजोबा, ते टोपीचं लिहा ना!" लिहितो. पण मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, चुका काढल्यास तर कागद चुलीत! आणि कांदेबाजारातले किस्से म्हणजे साठवणीच्या चाळीतले कांदे. एक ओढावा तर दहा अंगावर घरंगळतात.

सत्तर-एकाहत्तरचा काळ. राहुरीच्या अलीकडं आमचा बाजार, व्यापारी आम्ही चौघं: दामूशेठ, गुलाबराव, नारायण आणि मी. लिलावात एकमेकांवर चढून भाव कशाला वाढवायचा? दामूशेठनं युक्ती काढली. ज्याची पाळी, त्यानं डोक्यावरची टोपी काढायची. टोपी निघाली की बाकीचे तिघं गप्प!

शेतकरी बोंबलायचे, "आरं, बोला की कुनीतरी!" आम्ही आभाळाकडं बघायचो.

*

एकदा सडक्या कांद्याचा ढीग लिलावाला आला. नारायणानं आपली नावाला पहिली बोली दिली, आणि नेमका त्याच्या टोपीत मुंगळा शिरला. त्यानं टोपी भिरकावली. आम्ही तिघं गप्प!

"आरं, माझी पाळी न्हाई! मुंगळा हाय, मुंगळा!"

तोवर एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि ढीग त्याच्या गळ्यात! त्याची बायको आठवडाभर नाक धरून बोलत होती.

*

शेवटी तक्रार झालीच. नगरहून चौकशीला एक चष्मेवाले साहेब आले. आम्हाला ओळीत बसवून म्हणाले, "जो पहिला येऊन सगळं सांगेल, त्याला पूर्ण माफी. मागून येऊन नवं काही सांगेल, त्याला थोडी सवलत. वाद न घालता कबूल करून प्रकरण मिटवेल, त्यालाही थोडी. दोन्ही करेल त्याला दोन्ही! म्होरक्याला मात्र काही नाही. त्याचा परवाना वर्षभर बंद."

परवाना गेला की दुकान गेलं, आणि घरात कमावता मी एकटा!

आम्ही म्हणालो, "साहेब, आमचं तर एकमेकांशी बोलनंसुद्धा न्हाई!" चौघं एका सुरात म्हणालो, तिथंच चुकलं.

*

बाहेर चहावर शपथ घेतली, कुणी फुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मागच्या गल्लीनं साहेब उतरले होते त्या डाकबंगल्यावर गेलो. फाटकात गुलाबराव!

"काय हो, हिकडं कुठं?" मी विचारलं.

"देवळात चाललोय. तुमी?"

"दाढ दुखतीया."

"मग साहेब काय दाढा काढत्यात व्हय?"

तेवढ्यात कुंपणाआडून नारायण निघाला. म्हणतो, शेळी हरवलीय! त्याच्याकडं शेळीच नव्हती.

आम्ही तिघं भांडतोय तोवर आतून दामूशेठ बाहेर आले. मिशीला साहेबांचा चहा. "या, या मंडळी! मी सांगून टाकलं सगळं!"

*

माफी गेली, राहिल्या सवलती. गुलाबरावाला नवं काहीतरी सांगायचं होतं, पण दामूशेठनं सांगायला ठेवलं होतं काय? मग पठ्ठ्यानं मिरजगावकडची शेळ्यांच्या व्यापाऱ्यांची अशीच टोळी सांगून टाकली!

साहेब खूश. "तिथला म्होरक्या कोण?"

"माझा सासरा."

वर स्वतःचीही कबुली दिली. दोन्ही सवलती मिळाल्या! जावयाचं दिवाळीचं बोलावणं मात्र जन्माचं बंद.

*

नारायणानं आणि मीही कबूल करून टाकलं. उरला प्रश्न म्होरक्याचा. साहेबांनी चौघांनाही समोर उभं केलं. पत्र्याची खोली, वैशाखाचं ऊन.

"ही टोपीची युक्ती कुणाची?"

झाला की गलका! गुलाबराव नारायणाकडं बोट दाखवतोय, नारायण गुलाबरावाकडं. दामूशेठ "साहेब, मला माफी मिळालीय!" करतोय. मी घसा फोडून सांगतोय, "ह्याची! ह्या दामूची!" घाम डोळ्यांत उतरला, म्हणून मी टोपी काढून कपाळ पुसलं.

तिघंही गप्प!

साहेबांनी त्या तिघांकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या टोपीकडं पाहिलं. आणि म्होरक्या म्हणून माझं नाव लिहायला घेतलं.

बाहेर आल्यावर दामूशेठनं उलट मलाच ऐकवलं, "तात्या, पाळी तुमचीच हुती की!" ह्या माणसानं माझी माफी मागायची अजून बाकी आहे. दामूशेठ!