जसंच्या तसं टाइप करा

अख्खी गल्ली त्याला हॅलोमामा म्हणायची. नाव भाच्यानं ठेवलेलं. धंदाच तसा होता. लहानसहान ऑफिसांत जायचं, एका कॉम्प्युटरवर टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवायचं, टेबलाटेबलावरचे फोन त्याला जोडायचे आणि एकेक उचलून 'हॅलो, हॅलो' करत हिंडायचं. संध्याकाळपर्यंत घसा बसायचा, पण फोन वाजायचे.

हे काम शिकू बघणाऱ्या नवख्यांसाठी त्यानं नेटवर एक धडा लिहिला होता. नवखे फार छळायचे. कुणी स्वल्पविराम गाळायचा, कुणी कंस खायचा, आणि वर यालाच विचारायचा, फोन का लागत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. वैतागून त्यानं ठळक अक्षरांत घातलं, 'खालचं सगळं जसंच्या तसं टाइप करा. स्वतःची अक्कल चालवू नका.' आणि सगळ्यात शेवटी, 'नमुन्यातला नंबर लावून बघा. पलीकडं घंटी वाजून कुणी हॅलो म्हणालं की जमलं समजा. फोन ठेवा.' तक्रारी थांबल्या.

मग एका सकाळी एका शिकाऊ पोरीचा निरोप आला. धडा चांगला आहे, पण थोडा सुधारा, म्हणत होती. 'सर, शेवटी हॅलो ऐकू येईल असं लिहिलंय. मला "जेवलास का रे?" असं ऐकू आलं. मैत्रिणीलाही तेच. रेकॉर्डिंग बदललं असेल तर धड्यातही बदला.'

हॅलोमामा चहा पिता पिता हसला. मग हसू आटलं. धडा उघडून त्यानं नमुन्यातल्या नंबरावर बोट ठेवलं. नंबर अक्काचा होता.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. धडा लिहिताना तो तिच्याच घरी फोन लावून बघायचा, आणि आवाज स्वच्छ येतो की खरखरतो ते ती सांगायची. मशीनवरच्या ओळी त्यानं तशाच उचलून धड्यात चिकटवल्या, नंबर बदलायचा राहिला. दुसऱ्याला अक्कल चालवू नका म्हणणाऱ्यानं आपलीही चालवली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं. अक्का मुक्या फोनांना शिव्या घालायची आणि विसरायची. पण मध्येच तिचा मुलगा घर सोडून गेला. भांडणात ती 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणून बसली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरानं ते खरं केलं. तेव्हापासून त्याच मुक्या फोनांचा तिला अर्थ लागायला लागला. ही उचलून 'जेवलास का रे?' विचारायची, पलीकडं कुणी श्वास घ्यायचं, ठेवून द्यायचं. "बोलत नाही, पण करतो," असं ती गल्लीभर सांगायची. तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, फोन करू नकोस कुठं म्हटलं होतं? सगळ्यांनी घरचे जुने फोन काढून टाकले. हिनं ठेवला, कारण पोराला तोच नंबर पाठ.

नंबर पुसून टाकावा, फोन आपोआप बंद होतील, अक्काला कळायचं कारण नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद झाले की ती काय समजेल? पोरगा रुसला म्हणेल, की मेला म्हणेल?"

हॅलोमामा उठून अक्काकडं गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, शेजारी स्टुलावर फोन. त्यानं सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं तिच्या डोक्यावरून गेलं, नंबराचं कळलं. एकच घडी ती मोडून मोडून घालत राहिली.

"सगळेच तुझे? त्यातला एकही माझा नसेल?"

"ते सांगता येत नाही, अक्का."

"जगाचे फोन जोडतोस, आणि एवढं सांगता येत नाही तुला."

तेवढ्यात फोन वाजला. अक्का जागची हलली नाही.

"तू घे. तुझा असेल तर बोल, माझा असेल तर मला दे."

त्यानं उचलला. सगळा जन्म एका शब्दावर काढलेला माणूस, पण तो शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. कसाबसा फुटला. पलीकडून एक पोरगा ओरडला, "लागला रे, लागला!" आणि फोन बंद.

"माझा," हॅलोमामा म्हणाला.

अक्कानं पुढचा कपडा ओढला. "मग त्यांना नीट शिकव. समोरचं माणूस हॅलो म्हणालं की आपण कोण ते सांगावं. एवढं तरी लिही."

त्यानं लिहिलं. नमुन्यातल्या नंबराच्या जागी 'तुमच्या हाताशी असलेल्या फोनचा नंबर' असं घातलं, शेवटी अक्काची ओळ जोडली, ठळक अक्षरांतलं ते वाक्य उडवलं. शिकाऊ पोरीनं कळवलं, आता धडा फार सोपा झाला.

जुना धडा उतरवून घेतलेल्यांचे फोन काही काळ येत राहिले. मग कमी झाले. मग थांबले.

एका दुपारी अक्कानं त्याला बोलावून घेतलं. फोन बिघडलाय, बघ म्हणाली, आणि आत भांडी घासायला गेली. त्यानं वायर ओढून पाहिली, रिसीव्हर कानाला लावला, शेवटी खिशातला मोबाइल काढून तिचाच नंबर लावला. घंटी खणखणीत वाजली.

अक्का ओल्या हातांनी धावत आली, आणि त्याच्या हातातला मोबाइल बघून दारातच थांबली.