क्रौंच नाचले तेव्हा मी सांजा खात होते

“तिला द्या हो. ती नाही म्हणत नाही.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं.

सिंगापुरातल्या आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकची लिफ्ट फक्त पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावर थांबायची. आम्ही राहायचो आठव्यावर. त्यामुळे रोज दोन मजले जिना चढणं आणि चढता चढता लोकांची बोलणी ऐकणं हा माझा एकमेव व्यायाम होता. बोलत होत्या सातव्या मजल्यावरच्या सुलूमावशी. (माझ्या मावशी नव्हेत. सगळ्या ब्लॉकच्या मावशी.) जाळीच्या दाराआडून त्यांनी मला पाहिलं आणि जराही न गडबडता म्हणाल्या, “अगं, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! आत्ताच तुझं नाव काढलं. आफ्रिकेला निघालीस ना परत? ही एवढीशी पिशवी...”

मी पिशवी घेतली. वर “थँक यू” म्हणाले. का म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सर्किट तपासायचं काम करायचे. सर्किटांशी बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली होती. त्याच कारणाने पक्षी आवडायचे. पक्षी पाहायला जाताना गप्प बसलं की लोक चक्क कौतुक करतात! आमच्या सात जणांच्या गटाचे म्होरके मिस्टर टॅन निवृत्त शिक्षक होते. “शी व्हेरी गुड, यू नो. नो नॉइज वन,” असं ते माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचे. एवढी स्तुती मला शाळेतसुद्धा मिळाली नव्हती.

या मिस्टर टॅननी आदल्या वर्षी केनियाची सहल काढली. तिथल्या डोंगराळ भागात, सात-आठ हजार फुटांवर, एक मोठी पाणथळ जागा आहे. लव्हाळी, दलदल, पहाटेचं धुकं, आणि त्यात डोक्यावर सोनेरी काड्यांचा मुकुट घातलेले क्रौंच. हे क्रौंच नाचतात. जोडीने पंख पसरून, उड्या मारून, एकमेकांना वाकून नमस्कार करून नाचतात. एका पुस्तकात मी त्यांचं चित्र पाहिलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट हवीच आहे, असं वाटलं होतं. मी पैसे साठवून स्टँडवर बसवायची मोठी दुर्बीण घेतली. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. तयारी पूर्ण झाली, असं मला वाटलं.

पण आपल्या लोकांत कुणी परदेशी निघालं की तो माणूस राहत नाही, टपाल होतो.

“केनियाला? अगं, आमची नलू तिथेच असते!” सुलूमावशींनी पहिला डबा आणला. नलूकाकू त्यांची चुलत जाऊ. काकूंचे यजमान त्या भागातल्या कुठल्याशा कारखान्यात इंजिनीअर होते. डब्यात मेतकूट होतं. मग भाजणी आली. मग गोडा मसाला. मग कुकरच्या रिंगा, तीन मापांच्या, कारण नलूकाकूंच्या कुकरचं माप कुणालाच आठवेना. मग विमान मुंबईवरून जातं, असा शोध लागला.

“मुंबईत किती वेळ थांबतं?” शेजारच्या एका काकूंनी विचारलं.

“दोन तास. पण आम्ही विमानातून उतरत नाही, काकू.”

“असू दे गं. माझा भाऊ विमानतळावर येईल. तू खिडकीतून पिशवी दे त्याला.”

विमानाची खिडकी उघडत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि “बरं” म्हणाले.

बाबा मरीन इंजिनीअर. जहाजात माल कसा भरावा याचं त्यांना शास्त्रशुद्ध ज्ञान. त्यांनी बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहून, मग बॅग कवटाळून उभं राहून, वजाबाकी केली आणि जाहीर केलं, “सव्वीस. मर्यादा वीस. काहीतरी उतरवावं लागेल.”

“दुर्बीण उतरवा,” आई म्हणाली. “लोकांच्या वस्तू कशा उतरवणार? दिल्यात त्यांनी विश्वासाने!”

दुर्बीण स्टँडसकट घरी राहिली. दोन स्वेटर मी अंगावर चढवले आणि सिंगापूरच्या उकाड्यात, घाम पुसत, आफ्रिकेला निघाले. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्या कुणी काही दिलंय का विचारलं, तर माझ्या आधी आईनेच उत्तर दिलं, “नो, नो! ऑल होम थिंग्ज!” (मेतकुटाइतकं होम दुसरं काय असतं म्हणा!)

त्या पाणथळीवर आमच्या वाट्याला दोन पहाटा होत्या. पहिल्या पहाटे एवढं धुकं होतं की मला मिस्टर टॅनसुद्धा दिसत नव्हते. नुसता त्यांचा आवाज यायचा, “क्रेन्स देअर, आह. आय कॅन हिअर.” दुसऱ्या पहाटे आकाश लख्ख. मी बूट घालून दाराशी उभी, आणि समोर गाडीतून उतरले नलूकाकूंचे यजमान!

“चल, गाडीत बस. काकूने निरोप दिलाय, सिंगापूरची पोर नाश्ता केल्याशिवाय गेली तर तोंड दाखवू नका.”

“पण काका, आत्ता ते क्रौंच...”

“पाऊण तासात परत सोडतो.”

मी गाडीत बसले. एका पिढीचा निर्लज्जपणा आणि दुसऱ्या पिढीचा भिडस्तपणा एकत्र आला की पाऊण तासाचे चार तास होतात.

काकूंनी गरमागरम सांजा केला होता. पोट भरलं तरी वाढत होत्या. मग त्यांनी मेतकुटाचा डबा उघडला, नाकाशी धरला आणि एकदम पाठ फिरवून ओट्याकडे तोंड केलं. 

“सहा वर्षं झाली गं,” म्हणाल्या. “इथे सगळं मिळतं. हा वास तेवढा मिळत नाही.”

 मी आणखी एक वाटी सांजा घेतला. रागवायचं ठरवूनच आले होते, पण त्या बाईवर रागावणं मला जमलं नाही.

“काय पाहायला आलीस म्हणालीस? क्रौंच? ते मुकुटवाले?” काकूंनी डोळे पुसून विचारलं. “अगं, ते आमच्या मागच्या शेतात रोज येतात! इतकी घाण करतात मेले!”

मी वाटी ठेवून मागच्या दाराकडे धावले. शेतात एक गाय होती.

“आज नेमके आले नाहीत वाटतं,” काकू म्हणाल्या.

नेमके ते पाणथळीवर गेले होते. चाळीस क्रौंच, माझ्या गटासमोर, वीस मिनिटं नाचले. मिस्टर टॅन मला ते सांगताना इतके हळू आवाजात बोलत होते, जणू माझ्या घरी कुणी गेलंय. “नेक्स्ट इयर, कॅन,” एवढंच शेवटी म्हणाले.

सिंगापूरला परतल्यावर आईने ‘नलू रडली’ ही बातमी सगळ्या ब्लॉकभर केली. परिणाम व्हायचा तोच झाला. पुढच्या वर्षी आमची सहल पुन्हा ठरली आणि ज्याला त्याला आफ्रिकेतले नातेवाईक आठवू लागले.

“माझी मावसबहीण झांबियात आहे,” एक काकू म्हणाल्या.

“झांबिया वेगळा देश आहे, काकू. लांब आहे.”

“पण आफ्रिकाच ना? तिथून कुणाच्या तरी हाती दे पाठवून.”

या वेळी मी नकाराचा सराव केला. सहाव्या मजल्यापासून आठव्यापर्यंत, पायरीगणिक एकदा, ‘नाही, जमणार नाही.’ जिन्यात उत्तम जमायचं. दार वाजलं की मात्र हात आपोआप पुढे व्हायचे. माझ्या बाजूने मी एकच केलं. बॅगेत सर्वांत खाली, टॉवेलात गुंडाळून, दुर्बीण आधी ठेवून दिली. बाबांनी वजाबाकी केली. काटा बरोबर वीसवर. “अचूक लोडिंग!” ते स्वतःवरच खूश झाले.

मग आम्ही विमानतळावर पोचलो. मला निरोप द्यायला अकरा माणसं आली होती. (मी सहसा दोन माणसांशी बोलते.) सुलूमावशींच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी वाटोळं होतं.

“पोळपाट आहे. लाटणंही आहे सोबत. नलूचा पोळपाट चिरलाय म्हणे.”

“अहो, वजन...” आई पहिल्यांदाच कचरली.

“लाकडाला कसलं आलंय वजन!”

काउंटरवरचा काटा म्हणाला, चोवीस. गटातल्या बाकीच्यांच्या बॅगा केव्हाच गेल्या होत्या. मिस्टर टॅन घड्याळाकडे पाहत होते. बाबांनी बॅग खाली घेतली आणि तिथेच जमिनीवर उघडली. भाजणीखालून, पापडांखालून, झांबियाच्या लोणच्याखालून त्यांचा हात थेट टॉवेलापर्यंत गेला.

“हे काय? ही कुठून आली?”

“दुर्बीण आणलीस?” आई म्हणाली. “अगं, मिस्टर टॅनकडे आहे ना एक! सात जणांत दोन कशाला?”

“आणि पक्षी काय, नुसत्या डोळ्यांनीपण दिसतात,” सुलूमावशी म्हणाल्या.

“बरोब्बर चार किलो भरेल स्टँडसकट,” बाबांनी तिचं वजन हातावर तोललं. “काढली की प्रश्न मिटला.”

अकरा डोकी सहमतीने हलली. कुणीच वाईट नव्हतं. सगळे घामाघूम होऊन माझंच भलं करत होते. दोन स्वेटरांच्या आत मी उभी होते आणि माझी दुर्बीण पोळपाटाला जागा करून देत होती. मला ते चाळीस क्रौंच दिसू लागले, वाकून वाकून मला कायमचा नमस्कार करणारे.

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी पुढे झुकली. तिला घाई होती, तरी तिने हातातल्या कार्डावरचा प्रश्न शब्दन् शब्द वाचला. या बॅगेत तुम्हाला दुसऱ्या कुणी दिलेल्या काही वस्तू आहेत का?

आईने तोंड उघडलं. पण मुलीने हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. प्रवास करणाऱ्यानेच उत्तर द्यायचं असतं आणि दुसऱ्याची वस्तू निघाली तर ती इथेच ठेवावी लागते, म्हणाली.

दोन वर्षांत माझ्याच तोंडून उत्तर मागणारी ती पहिलीच बाई. माझ्यामागे अकरा माणसं पुढे सरसावली. मी घसा खाकरला, आणि आपला आवाज रांगेच्या शेवटपर्यंत पोचू शकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“हो,” मी म्हणाले. “दुर्बीण सोडून सगळं!”