स्वल्प थांब

'पारंपरिक' हा शब्द वाचला की हल्ली माझं डोकं फिरतं. इंटरनेटवर आईच्या गाण्याखाली त्या बँडवाल्या मुलांनी तेच लिहिलंय. पारंपरिक म्हणे. म्हणजे कुणाचंच नाही, उचला आणि चालू पडा.

ते गाणं आईनं माझ्यासाठी रचलं होतं. शाळेत जाताना वेणी घालून घ्यायला मी एका जागी बसत नसे, म्हणून ती गुणगुणायची, 'स्वल्प थांब गं, स्वल्प थांब'. स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातल्या बसवनगुडीतले. आमच्या मराठीचं स्वल्पशिवाय पान हलत नाही. पुढे आमच्या समाजानं काढलेल्या कॅसेटमध्ये ते आईच्याच आवाजात आलं, आणि नातेवाइकांच्या कपाटांत पडून राहिलं.

मग महादेवपुऱ्यात नोकरी करणाऱ्या पुण्याच्या मुलांना ती कॅसेट कुठेतरी मिळाली. त्यांचा हौशी बँड होता. त्या कानांना स्वल्प कसं कळणार? त्यांनी ऐकलं 'सख्या थांब ना'. गिटार लावली, आणि माझ्या वेणीचं प्रेमगीत झालं. आता ते ज्याच्या त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत वाजतं. नवरी लाजते, नवरा वळून बघतो, आणि माझा नुसता संताप होतो.

यंदा मारतहळ्ळीच्या एका सोसायटीनं गणपतीत आईला गायला बोलावलं. तिनं पहिली ओळ म्हटली, तशी निवेदन करणारी मुलगी हसत पुढे आली.

"काकू, लिरिक्स चुकले तुमचे. 'सख्या' आहे ते. परत घ्या ना."

मी खुर्चीतून उठलेच होते. आईनं हातानंच मला बस म्हणून खुणावलं. "हो का? सरी, तसं म्हणते," म्हणाली, आणि सख्याला थांबवत अख्खं गाणं गायली. टाळ्याही भरपूर पडल्या.

ऑटोत मी तिच्यावरच उखडले. "गाणं माझं आहे म्हणून सांगायला काय झालं होतं तुला?"

"पोरगी लहान होती गं. चारचौघांत तिचं तोंड कशाला उतरवायचं?"

"आणि माझं उतरलं ते?"



रविवारी ती अजूनही माझ्या केसांना तेल लावते. त्या रविवारी फणी फिरवता फिरवता तिच्या तोंडून आपसूक सूर निघाला, 'सख्या थांब ना'. मी मान झटकून उठायला लागले. तिनं केस मुठीत धरून मला खाली बसवलं.

"स्वल्प थांब गं," ती खेकसली.